मशीनकडे गेलेली वांगी

"लाव मंग शर्त!" शालिकराम ओट्यावरून उठून उभाच राहिला. "तुह्या वांग्यात औषध निंगालं तर?"

"माह्या कावून निंगते? तुह्याच निंगन," शेजारचा खुशालराव तंबाखू चोळत म्हणाला. "मी निंबोळीच्या अर्काशिवाय काई मारत नाई. हरला तर अकोल्याच्या बाजारात, आपल्या टोपल्यापाशी उभा राहून, माह्या वांग्याची आरोळी देशीन?"

"देईन! अन् तू हरला तर माह्या वांग्याची दे."

दोघांच्याही बायका आतून हसल्या. पन्नाशीचे बाप्ये, आणि शर्त वांग्यांवर!

ही शर्त लागली आकांक्षामुळं. शालिकरामची ही पोरगी एम.एस्सी. करत होती, रसायनशास्त्रात. या उन्हाळ्यात ती आणि तिच्या कॉलेजच्या पौर्णिमा मॅडम, दोघींना अमरावतीच्या एका प्रयोगशाळेत संशोधनाची संधी मिळाली होती. भाजीत फवाऱ्याचं औषध किती उरतं, ते मोजायचं काम. "सुट्टी लागली तरी मास्तरीण अन् पोट्टी दोघीबी शिकूनच राह्यल्या," असं तिची आई माणिकबाई गावभर सांगत होती. आकांक्षा शनिवारी घरी यायची आणि रविवारी संध्याकाळच्या बसनं भाजीचे नमुने घेऊन परत जायची. प्रत्येक पिशवीवर शेतकऱ्याचं नाव.

"वांगं मिक्सरमधून काढायचं," ती बापाला सांगायची, "त्याचा अर्क काढून मशीनले द्यायचा. औषध असलं का पडद्यावर डोंगर उमटते. जेवढं औषध, तेवढा डोंगर उंच."

"अन् मशीनले उल्लू बनवता येते काय?"

"नाई येत, बाबा."

झालं! शालिकरामला 'नाई येत' म्हटलं की त्याच्या पोटात गुदगुल्या सुरू. शेजाऱ्याच्या बकरीच्या शिंगांना निळा रंग लावणारा माणूस तो. शेंडेअळीसाठी त्यानं गुरुवारीच जहाल औषध मारलं होतं. पण रोपं दोघांनी बार्शीटाकळीहून एकदमच आणलेली, एकाच वाफ्यातली. वांगी अशी सारखी, की खुद्द मालकाला ओळखू येऊ नयेत. रविवारी आकांक्षा न्हाणीत गेली तशी त्यानं आपल्या पिशवीतली वांगी खुशालरावच्या पिशवीत आणि त्याची आपल्या पिशवीत ओतली आणि साळसूदपणे बिडी पेटवली.

पुढच्या शनिवारी पोरगी आली ती चेहरा पाडूनच. खुशालराव ओट्यावर वाटच पाहत होता.

"काका, तुमच्या वांग्यात मोठा डोंगर आला. बाबाचं एकदम सपाट."

खुशालरावची तंबाखू तळहातावरच राहिली. शालिकरामनं हसायला तोंड उघडलं, पण आकांक्षा खालीच बसली.

"मॅडम म्हणतात, नोंदीत काकांचा नुसता निंबोळीचा अर्क, मग असं होऊच शकत नाही. नमुन्यांची अदलाबदल तूच केली. मी परत परत मोजलं. तेच आलं. आता मशीनवर दुसऱ्या पोट्टीले बसवणार, अन् मी काचेची भांडी धुवायची." ती हातांकडे बघत राहिली. "बाबा, मी असं केलं असन काय हो? मले माहाच भरवसा नाई राह्यला."

माणसाची फजिती करायला शालिकरामला आवडायचं, पण अशी नाही. त्यानं पोरीचा फोन उचलला.

"लाव तुह्या मॅडमले."

"कावून?"

"लाव म्हणतो ना!"

फोन लागला. "मॅडम, मी आकांक्षाचा बाप. पोट्टीनं काई केलं नाई. पिशव्या म्या बदलवल्या. गंमत म्हणून."

खुशालरावनं हळूच तंबाखू तोंडात टाकली. आता झापणार, म्हणून शालिकरामनं डोळे मिटले.

"औषध कोणतं मारलं होतं? आणि कधी?" मॅडमनी विचारलं.

त्यानं सांगितलं.

"म्हणजे आकांक्षाचं मोजमाप अगदी बरोबर आहे. तिला म्हणावं, सोमवारी मशीनवर तीच बसेल. आणि काका, त्याच झाडांची वांगी मला दर आठवड्याला हवीत. औषध कधी उतरतं ते आपण बघू. तोवर विकू नका."

"मॅडम, झाडाले ऐन बहार आहे हो..."

"म्हणूनच सांगते."

फोन ठेवला तेव्हा आकांक्षा त्याच्याकडे बघत होती. रागावली होती, पण सोमवारची घाई आत्ताच तिच्या डोळ्यांत उतरली होती. "बाबा, उद्याचा नमुना मी सोता तोडीन. तुमी वावरात यायचं नाई."

रविवारी सकाळी बाजारात शालिकराम शर्तीप्रमाणे आपल्या भरल्या टोपल्यापाशी उभा राहिला आणि त्यानं कानाला हात लावला.

"घ्या हो घ्या! खुशालभाऊचे वांगे! भरताले घ्या, भाजीले घ्या! मशीननं पास केलेले वांगे!"

"काय रे शालिक, आपलं सोडून लोकाचं इकून राह्यला?" पलीकडून भाजीवाली तानुबाई ओरडली.

"हरलो ना बाई! मशीनले उल्लू बनवाले गेलो होतो."

बाजार खदखदून हसला. खुशालरावचा ढीग बघता बघता ओसरला. तो बिचारा लाजत लाजत तोलत होता. एवढ्यात एका गिऱ्हाइकानं शालिकरामच्या टोपल्यातलं वांगं उचललं. काळंभोर, तजेलदार.

"हे कसे दिले?"

शालिकरामची आरोळी थांबली. त्यानं वांगं हळूच परत घेतलं, टोपल्यात ठेवलं आणि वर गोणपाट ओढलं.

"हे नाई इकाचे, भाऊ. औषध उतराचं आहे अजून. कवा उतरते ते माही पोट्टी पाहून राह्यली."

मग बसलेल्या आवाजात त्यानं पुन्हा सुरू केलं, "घ्या हो, खुशालभाऊचे वांगे..."

खुशालरावनं तराजू खाली ठेवला. तांब्या घेऊन तो उठला आणि वांगी उन्हानं सुकू नयेत म्हणून शालिकरामच्या न विकायच्या टोपल्यावरचं गोणपाट त्यानं पाणी शिंपडून ओलं केलं.