तोलूनमापून

रागावला की आमचा धाकटा भाऊ इंग्रजीत शिरतो. शाळेपासूनची खोड. वकील झाला असता तर नाव काढलं असतं. विकतो रंगाचे डबे. त्या दिवशीही दारात बूट काढता काढता म्हणाला, "हे डेलिबरेट आहे, ताई. मी परगावी असताना उरकलंस तू."

फोनवर मी त्याला दोनदा सांगितलं होतं. पण भांडायलाही अंगात त्राण लागतं. आईची बॅग भरून झाली होती, वृद्धाश्रमाची गाडी तिला न्यायला तिकडून निघाली होती, आणि मी कंबरेला पट्टा आवळून भिंतीला टेकून उभी होते. मणक्यातली चकती सरकल्यापासून एकदा बसलं की मला उठवत नाही.

मी शब्दकोशाच्या कचेरीत मुद्रितं तपासते. शब्द कानावर पडला की आधी त्याचं कूळ आठवतं. या सवयीपायी घरच्यांनी माझ्यापुढे हात टेकलेत.

"डेलिबरेट म्हणजे मुद्दाम, एवढंच ठाऊक आहे तुला," मी म्हटलं. "त्याच्या पोटात लॅटिनमधला तराजू आहे. लिब्रा. आधी पारड्यात घालून तोलायचं, मग करायचं. तोललंय मी, बाबा. वर्षभर तेच करतेय. एका पारड्यात आई, दुसऱ्यात मी, आणि तराजू धरायलाही मीच."

"मला शब्दकोश नको ऐकवूस."

"मग उचल तिला. खुर्चीत बसव."

तो तावातावाने आतल्या खोलीत गेला. आई जागीच होती. त्याने तिला अलगद उचललं आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "अगं, किती हलकी आहे ही!"

"पहिल्यांदा वाटतेच," मी म्हटलं. मला रडू येत होतं, आणि रडण्याचाही कंटाळा आला होता.

आई कण्हली, तसं त्याने घाबरून तिला परत पलंगावर ठेवलं.

"मला पाठवायचं कुणी ठरवलं रे?" तिने विचारलं.

"डॉक्टरांनी, आई. थोडे दिवसच."

किती सोपं होतं! आठवडाभर हेच खोटं माझ्याही जिभेवर घोळत होतं. मी मान हलवली असती तरी भागलं असतं.

"डॉक्टरांनी नाही," मी म्हटलं. "मी ठरवलंय. पुष्कळ विचार करून. आणि थोडे दिवस नाही, आई."

ती माझ्याकडे बघत राहिली. "कंटाळलीस?"

"हो. दमले गं."

तिने हळूच मान डोलावली. खाली हॉर्न वाजला. धाकटा पुन्हा पुढे झाला, तर आईने त्याचे हात बाजूला सारले आणि रोजच्यासारखे आपले दोन्ही हात माझ्या गळ्याकडे उंचावले.

"त्याला ठाऊक नाही मला कुठे दुखतं ते," ती म्हणाली. "आजच्या दिवस तूच उचल."

मी पट्टा आणखी आवळला आणि वाकले.