नाव कापू नये म्हणून

मोसम संपत आला तेव्हा कप्तानच्या फुटबॉल संघात सहा जणी उरल्या होत्या, आणि त्यांतली एकही गोलकीपर नव्हती.

सुरुवातीला अठरा होत्या. पण एकदा गळती लागली की भांडं रिकामं व्हायला कितीसा वेळ? एकीला दिवस गेले, एकीची बदली झाली. दोघी सख्ख्या बहिणी दुसऱ्या संघात गेल्या. तिथे म्हणे अंघोळीला गरम पाणी मिळतं. सगळ्यांत वेगाने धावणारी जी होती, तिला मैदानावर कधी साधं खरचटलं नव्हतं. ती घरचा पंखा पुसताना स्टुलावरून पडली आणि घोटा मोडून बसली. अशा एकेक करत गेल्या, आणि शेवटच्या सामन्याच्या तोंडावर गोलकीपरचा फोन आला. मनगट प्लास्टरमध्ये.

"रागावू नकोस ना, कप्तान," ती रडत म्हणाली.

कप्तानला राग आलाच नाही. राग यायलाही अंगात थोडी धुगधुगी लागते.

ती गाद्यांच्या कारखान्यात कडा शिवायची. जाडजूड गादी मशीनखाली रेटत न्यायची, कोपरा आला की पोटाने ढकलून वळवायची, ती झाली की पुढची. दिवसभर लोकांच्या झोपेची सोय करायची आणि संध्याकाळी स्वतः सरावाला जायचं. पूर्वी मैदान दिसलं की तिचे पाय आपोआप हलके व्हायचे. या वर्षी ते नुसतेच पाय होते. बूट चढवताना वाटायचं, दुसऱ्या कुणाचे तरी उसने आणलेत.

नियम सरळ होता. सात जणी नसतील तर सामना होत नाही, समोरच्यांना तो फुकट जातो. तसं या मोसमात एकदा झालं होतं. दुसऱ्यांदा झालं की संघाचं नाव स्पर्धेतून कापणार, आणि आजवर खेळलेलं सगळं पाण्यात.

"सोडून दे," सर म्हणाले. सर म्हणजे त्यांचे प्रशिक्षक, शाळेतून निवृत्त झालेले, स्वतःचा गुडघा हातात धरून चालणारे. "तू तरी किती ओढशील? मी कळवतो त्यांना."

खरं सांगायचं तर कप्तानला ते ऐकून बरं वाटलं. रविवार मोकळा. उशीपर्यंत ऊन आलं तरी उठायचं नाही. ती "कळवा" म्हणणारच होती, तेवढ्यात चिमणीचा फोन आला. चिमणी डाव्या बाजूला खेळायची. वयाने सगळ्यांत मोठी, अंगाने सगळ्यांत बारीक. म्हाताऱ्या माणसांच्या आश्रमात रात्रपाळी करून, दोन बस बदलून ती सामन्याला यायची आणि लाईनच्या बाहेर बसूनच डबा खायची. आजवर एकदाही चुकली नव्हती.

"रविवारी किती वाजता गं?" चिमणीने विचारलं.

कप्तानने तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाली, "नेहमीच्याच वेळेला."

फोन ठेवला आणि स्वतःच्याच कपाळावर हात मारला. आता सातवी आणायची कुठून? मोसम सुरू झाला की नवी नावं घेत नाहीत. नोंदलेल्यांत धडधाकट अशी एकच बाई राहिली होती, आणि ती म्हणजे कप्तानची थोरली नणंद. गेल्या वर्षीपासून तिने कप्तानच्या घराचा, म्हणजे स्वतःच्याच माहेरचा, उंबरा ओलांडला नव्हता. राग उतरेल म्हणून सरांनी आशेने तिचं नाव यंदाही दिलं होतं. राग काही उतरला नव्हता.

"तुम्ही चला ना सोबत," कप्तानने नवऱ्याला गळ घातली.

"मी? छे छे! तुम्हा दोघींच्या जात्यात माझं पीठ झालंय आधीच. एक बहीण, एक बायको. मी कुणाकडे बघून हसलो तरी दुसरी जेवत नाही."

तेव्हा एकटीच गेली. नणंद बस चालवायची. डेपोच्या मागे चालकांच्या विश्रांतीची खोली होती. तिथे बाकावर, खाकी शर्टाची वरची गुंडी सोडून, ती चहा पीत बसली होती. भावजयीला पाहून तिने ना ये म्हटलं, ना बस म्हटलं.

"ताई, रविवारी सामना आहे."

"असेल."

"सहाच जणी आहोत. तुम्ही आलात तर खेळता येईल. नाहीतर संघ गेला."

नणंदेने चहाचा कप खाली ठेवला. एके काळी गोलमध्ये ती उभी राहिली की मैदानाबाहेरून "भिंत! भिंत!" असा गजर व्हायचा. गेल्या वर्षी एका सामन्यात तिच्या पायांतून दोन साधे चेंडू गेले आणि कप्तानने हाफटाइमलाच तिला बाहेर बसवलं.

"मला काढलंस, त्याचं काही नाही," नणंद म्हणाली. "कप्तान होतीस. मीही काढलं असतं. पण आपल्यातलीच एक पोरगी म्हणाली ना, भिंत कसली, हे तर फाटक! तेव्हा तू हसलीस."

कप्तानला वाटलं, म्हणावं की नाही हसले. पण खोटं बोलायचं तर पुन्हा त्याला टेकू द्या, शपथा घ्या. तेवढी ताकद कुणात होती?

"हसले," ती म्हणाली. "हसू आलं."

खोलीत पंखा करकरत होता. पलीकडे एक चालक तोंडावर टोपी घेऊन झोपला होता.

"पाठ गेलीये माझी," नणंद म्हणाली. "स्टेअरिंगने खाल्ली. खालचा चेंडू आला तर वाकता यायचं नाही."

"नुसत्या उभ्या राहा."

"फाटकासारखी?"

कप्तान तशीच वळली आणि घरी आली. नवऱ्याने विचारलं, काय म्हणाली? ती म्हणाली, "चहासुद्धा विचारला नाही."

रविवारी पंच शिट्टी हातात घेऊन घड्याळ बघत होते, आणि सहा जणी मैदानाच्या कडेला थंडीत हात चोळत उभ्या होत्या. तेवढ्यात फाटकाजवळ एक रिकामी बस थांबल्याचा आवाज आला. दुसऱ्या एका चालकाने नणंदेला वाटेत सोडलं होतं. ती उतरली ती पाठीला पट्टा बांधूनच. कुणाकडे न बघता तिने शर्ट बदलला आणि गोलमध्ये जाऊन उभी राहिली.

"कप्तान, बघ काय आलंय!" चिमणी कुजबुजली.

"बघतेय. बोलू नकोस, नाहीतर परत जाईल."

समोरच्या संघाला विजेतेपदासाठी गोलांची रास हवी होती. अकरा जणी सात जणींवर तुटून पडल्या. हाफटाइमपर्यंत चार गोल झाले. पण वरून येणारा एकही चेंडू नणंदेने आत जाऊ दिला नाही, आणि तोंडाचा पट्टा तर एक क्षण थांबला नाही. "डावीकडे! अगं डावीकडे, जेवतेस त्या हाताकडे नव्हे!" चिमणी डावरी होती; तिचा पार गोंधळ उडाला.

हाफटाइमनंतर कप्तानच्या पोटरीत गोळा आला. ती तिथेच बसली. गवत गार होतं. आडवं व्हावं, डोळे मिटावेत. ती बाहेर गेली की उरणार सहा, मग सामना संपला, सगळं संपलं. दोष तरी कोण देणार?

"ऊठ गं!" मागून आवाज आला.

"पाय उचलवत नाहीये, ताई!"

"नको उचलू. इथे ये, माझ्यासमोर उभी राहा. पळायचं नाही. मी खाली वाकू शकत नाही, तू खालचं बघ."

मग एकीला वाकता येत नाही आणि एकीला पळता येत नाही, अशा दोघी गोलच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. बाकीच्या पाच जणी वाऱ्यावरच्या पाचोळ्यासारख्या इकडून तिकडे. एक जोरदार फटका आला. कप्तान वळायला गेली, तो चेंडू तिच्या पाठीवर आदळून थेट आपल्याच जाळीत गेला.

नणंदेच्या नाकातून फुर्र असा आवाज झाला. पाठीचा पट्टा दोन्ही हातांनी धरून ती हसायला लागली. "अगं आई गं... हसवू नकोस, दुखतंय!"

कप्तानला आधी संताप आला. मग तिने वळून बघितलं, आणि तिलाही हसू फुटलं. हसता हसता पोटरी पुन्हा धरली, म्हणून कण्हली, आणि कण्हता कण्हता परत हसली. समोरच्या पोरी बिचाऱ्या गोल साजरा करायचं विसरल्या.

सात-शून्य झालं. पंचांनी शेवटची शिट्टी मारली तेव्हा सातही जणी मैदानावर होत्या. संघ तळाला राहिला, पण नाव राहिलं. सरांनी प्रत्येकीच्या खांद्यावर थोपटलं. चिमणी डबा उघडा ठेवूनच बाकावर झोपी गेली. तिला कुणी उठवलं नाही.

घरी दोघी एकाच रिक्षाने आल्या. दार उघडून नवरा बघतच राहिला. बहिणीकडे बघून हसावं की बायकोकडे, त्याला कळेना, म्हणून तो चपलांकडे बघून हसला.

कप्तान दाराशीच भिंतीला टेकून जमिनीवर बसली. मोजे काढायचे होते. हात उचलवत नव्हता. नणंद तरातरा स्वयंपाकघरात गेली. मग डबे उघडल्या-मिटल्याचे आवाज.

"काय गं हे? साखर कुठे हलवलीस? इतकी वर्षं इथे असायची. कुणी सांगितलं होतं सगळं बदलायला?"

"वरच्या फळीवर आहे, ताई," कप्तान डोळे मिटून म्हणाली.

"वर कोण ठेवतं साखर!"

"खाली मुंग्या येतात."

"आमच्या वेळी नव्हत्या येत मुंग्या," नणंद आतून म्हणाली, आणि मग नळ सोडल्याचा आवाज आला.