सरांनी घुसडलेलं वाक्य

परिषदेत तिचं भाषण छान चाललं होतं. दोन वर्षं कामगार बायकांच्या घरी बसून आया आपल्या तान्ह्या बाळांशी किती आणि काय बोलतात, हे तिनं अभ्यासलं होतं. शेवटची स्लाइड पडद्यावर आली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

‘या आयांना बाळाशी बोलण्याचं महत्त्वच कळत नाही.’

हे तिनं लिहिलंच नव्हतं. सकाळी “जरा नजर टाकतो” म्हणत तिच्या मार्गदर्शक सरांनी फाइल मागून घेतली होती. आता ते पहिल्या रांगेत बसून मान डोलवत होते.

“हे वाक्य माझं नाही,” ती म्हणाली. “या बायका दोन-दोन पाळ्या करून घरी येतात. एक आई बाळाशी बोलता बोलता अर्ध्या वाक्यातच झोपली. बाळ तिच्या गालावर थापट्या मारून पुढचं बोलायला लावत होतं. तिला काय कळत नाही, सांगा ना सर!”

सर ताडकन उठले. “अगं, ही काय जागा आहे का? खाली ये, नंतर बोलू.”

“नंतर तुम्ही हे परिषदेच्या पुस्तकात छापून मोकळे व्हाल!”

संयोजकांनी माइक बंद केला. मग तिनं घसा फोडून उरलेलं सगळं सांगितलं आणि खाली उतरली.

संध्याकाळी सरांनी तिचं मार्गदर्शन सोडलं. ती रडली नाही, नवा मार्गदर्शक शोधायला लागली. पण ते वाक्य तिचं नाही हे सगळ्या सभागृहानं ऐकलं होतं; परिषदेच्या पुस्तकातून ते सरांना निमूटपणे काढावं लागलं.