फोकायचं म्हणजे काय

पौषातली कोवळी, केशरकांत सकाळ. कालव्याचं पाणी खाचरात शिरून नुकतंच स्थिरावलेलं. चिखल मऊ, मृद्गंधमय, मंद मंद चकाकणारा. उन्हाळी भाताचा हा वाफा बियाण्याची वाट पाहत होता.

बियाणंही तयार होतं. तीन दिवस भिजून, उबून, त्याला शुभ्र, सुकुमार, सुईच्या अग्राएवढे मोड फुटले होते. आज ते चिखलात पडलं नाही, तर मोड एकमेकांत गुंतणार, कुजणार, आणि उन्हाळ्याचं पीक गेलंच म्हणून समजा. नेमका कालच शेताचा धनी, म्हातारा रखमाजी, बांधावरून घसरला, उजवा खांदा निखळला. मुलगा दूर बोटीवर. उरली सून, द्वारका.

द्वारका घाटावरची. तिच्या माहेरी पेरणीच्या पाभरीवर, तिच्या चाड्याच्या लाकडी वाटीत, मूठ धरून बी सोडतात. ते नळ्यांतून गुपचूप, ओळीनं मातीत उतरतं. तिनं इथंही तशीच मूठ सोडली. सगळं बी एका जागी ढिगानं पडलं.

"सांडलंस की गं," बांधावर बसलेला रखमाजी म्हणाला. त्याचा सगळा जीव बियाण्याच्या टोपलीत होता.

तिनं ते ओंजळीनं परत घेतलं. मग दुसरी मूठ भिरकावली. नाजूक मोड आपटून मोडले.

"फेकू नको, सूनबाई. फोक."

"फोकायचं म्हणजे काय, मामंजी?"

चाळीस वर्षं केलेलं काम, पण म्हाताऱ्यानं तोंडानं कधी सांगितलंच नव्हतं. काय गंमत आहे पाहा, हाताला येतं ते जिभेला येत नाही. त्यानं डाव्या हातानं हवेत अर्धवर्तुळ काढलं आणि त्याचं त्यालाच हसू आलं.

"कडेकडेनं चालत राहा," तो अखेर म्हणाला. "मूठ सैल ठेव. बी बोटांतून आपणहून सुटेल."

ती चालली. पाऊल, मूठ, मनगट. पाऊल, मूठ, मनगट. तिला भीती वाटत होती, आणि नवलही: आपलाच हात असा कसा वळतोय? सुवर्णकण हवेत उमलत होते, अलगद, अंतराअंतरानं उतरत होते. टोपली रिकामी झाली तेव्हा तिचा खांदा ठणकत होता.

आठव्या दिवशी शेजारचा धाकू वाफ्यातली एकसारखी उगवण पाहून बांधावर थबकला.

"रखमाजी, खांदा बरा झाला म्हणायचा. हात तुझाच दिसतोय."

"माझा कुठला," म्हातारा म्हणाला. "हे सुनेनं फोकलंय."

द्वारका मान खाली घालून पाणी वळवत राहिली. सूक्ष्म, सतेज, समसमान अंकुरांवरून वारा निघाला. या बांधापासून त्या बांधापर्यंत, कुठंही न अडखळता, हिरवा हिरवा होत, हळू हळू होत, गेला.