आधी मुद्दा, मग रडणे

माझ्या घरात हट्ट करण्यास मनाई नव्हती. मात्र तो समोर उभे राहून, कारणांसह मांडावा लागे. नात नीट बोलू लागली तेव्हापासून अशीच माझ्यापुढे उभी राहत आली. तिचे डोळे भरले की मी बजावीत असे, "आधी मुद्दा, मग रडणं." पुढे ती वकील झाली, याचे मला नवल वाटले नाही. बड्या कचेरीतील नोकरी सोडून ती वस्त्यांचे दावे फुकट चालवू लागली, तेव्हा तिच्या बापाने कपाळाला हात लावला. मी लावला नाही.

तिचा पहिला स्वतंत्र दावा आमच्या घरामागील नाल्याचाच निघाला. रंगाचा कारखाना त्यात घाण पाणी सोडतो आणि पोरांच्या अंगावर फोड उठतात, असे खालच्या वस्तीचे म्हणणे. एका पहाटे नाल्यात टँकर रिकामा होताना पाहणारी मी एकटी. माझी साक्ष टिकली तर नाल्याची तपासणी होणार, कोसळली तर दावा तिथेच बुडणार.

स्वयंपाकघरात तिने माझी उलटतपासणी सुरू केली.

"टँकरचा नंबर?"

"त्या कारखान्याचाच होता. दुसऱ्या कोणाची हिंमत आहे?"

"आजी, मी नंबर विचारला, हिंमत नाही. वाचलास का?"

"माझी नजर अजून..."

"वाचलास का?"

"नाही."

"मग तेवढंच म्हण. हा एक शब्द तुझ्या तोंडून निघत नाही, आणि माझा सगळा दावा तुझ्या तोंडावर अवलंबून आहे."

या सुरात माझ्याशी आजवर कोणी बोलले नव्हते. मी भांडे जरा जोरातच ठेवले.

न्यायालयात कारखान्याचा वकील मधाळ हसला. "आजी, तुमच्यासारख्या करारी बाईच्या नजरेतून काय सुटणार? नंबर वाचलाच असेल."

मागच्या बाकांवर सारी वस्ती बसली होती. नात माझ्याकडे पाहत नव्हती. तिच्या हातातील पेन थांबले होते. कारखान्याच्या फाटकातून रोज सुटणाऱ्या टँकरांचे नंबर मला पाठ होते. त्यातला एक जिभेवर आलाही.

"नाही वाचला."

"मग टँकर कोणाचा?"

"ठाऊक नाही."

मागे कुजबुज उठली. वकिलाचे हसू मावळले. "काहीच ठाऊक नाही, तर इथवर आलात कशाला?"

"नाल्यात लाल पाणी ओतलेलं पाहिलं, ते सांगायला. ते विचारा."

ते न्यायाधीशांनीच विचारले. कोठे, केव्हा, किती वेळ. पाहिले तेवढे मी सांगितले. नाल्यातील पाण्याचे नमुने त्याच संध्याकाळी घेण्याचा आदेश निघाला. मी कोणताही नंबर सांगितला असता, तरी तो टँकर त्या पहाटे दुरुस्तीला गेल्याचे दाखले वकिलाने तयार ठेवले होते. ते त्याने निमूट पिशवीत कोंबले.

बाहेर व्हरांड्यात नात भिंतीला टेकून उभी राहिली.

"आजी, तू चक्क 'ठाऊक नाही' म्हणालीस."

"घरी म्हणायला लावू नकोस."

ती हसली, आणि हसता हसता तिचा ओठ थरथरू लागला. मी तिच्या हातातील फायली काढून घेतल्या.

"मुद्दा मांडून झाला आहे," मी म्हणाले. "रड आता."