ससाणा आला होता

फोटोवाल्या काकांनी जन्मभर लोकांना एकच गोष्ट सांगितली, "हलू नका." पासपोर्टचे फोटो, ओळखपत्राचे फोटो, त्यातले ते घाबरलेले चेहरे आणि ताठलेल्या माना. साठी उलटल्यावर त्यांच्या डोक्यात उडत्या पक्ष्यांचं खूळ शिरलं, ते बहुधा त्याचाच वचपा काढायला. काकू दुकानात गल्ला आणि कात्री सांभाळायच्या. तान्ह्या मुलाचा फोटो असला की काकांच्या पाठीमागे उभं राहून टाळी वाजवायचं कामही त्यांच्याकडेच होतं. टाळी अशी खणखणीत, की भोकाड पसरलेलं पोर रडं विसरून कॅमेऱ्याकडे बघे.

गावाबाहेरच्या किनाऱ्यावर सुरय पक्षी अंडी घालायला जमत. पांढरे, डोक्यावर काळी टोपी घातल्यासारखे. घरटं असं नाहीच. दगडगोट्यांमध्ये जरासा खळगा करायचा आणि अंड्यांवर बसून राहायचं. भोवती दोरी बांधलेली होती आणि एक राखणदार नेमलेला होता. त्याने काका-काकूंना पहिल्याच भेटीत समजावलं होतं की एखाददुसरा पक्षी उडाला तर बिघडत नाही, पण सगळे एकदम उठले की अंडी उघडी पडतात. बाजूच्या खडकावर कुरव टपलेलेच असतात. सुरयच्या दुप्पट अंगाचे ते पक्षी अंडी पळवण्यात पटाईत.

काका प्रत्येक रविवारी जायचे, दोरीच्या अलीकडे कॅमेऱ्याचं तिकाटणं रोवून बसायचे आणि घरी आणायचे काय, तर कुठे पुसट पंख, कुठे नुसती शेपूट. काकू सोबत म्हणून जायच्या. त्या रविवारी वारा बोचरा होता, लेक-जावई जेवायला यायचे होते आणि स्वयंपाक सगळा व्हायचा होता. राखणदार पार दुसऱ्या टोकाला गेला होता. काकांचे खांदे पडलेले पाहून काकूंना त्यांचा रागही आला आणि कीवही. नेमकं कशामुळे ते त्यांना पुढेही कधी ठरवता आलं नाही, पण हात उचलले गेले आणि टाळी वाजली. एकच.

आभाळ पांढरं झालं. शेकडो पंख उन्हात उलगडले आणि कॅमेरा खडखडत राहिला. काका वर बघत होते. काकू खाली बघत होत्या. कुरव कसलीही घाई न करता उतरले. एकाने अख्खं अंडं उचललं, दुसऱ्याने जागीच फोडलं. सुरय परतले तेव्हा त्यातली एक मादी आपल्या खळग्यावर बसली, उठली, खाली वाकून पाहिलं आणि पुन्हा बसली.

काका वळले. लग्नाच्या वेळीसुद्धा त्यांचा चेहरा इतका फुलला नव्हता. "ससाणा आला असणार," ते म्हणाले.

"असेल," काकू म्हणाल्या.

तो फोटो मोठा करून दुकानाच्या काचेत लागला. येणारा-जाणारा थांबायचा आणि काका ससाण्याची गोष्ट सांगायचे. दर खेपेला ससाणा थोडा मोठा व्हायचा. काकू मान खाली घालून फोटो कापत बसायच्या. एकदा तर एका गिऱ्हाइकाचा कानच कापला गेला. सांगून टाकावं असं रोज मनात यायचं, आणि काकांचा रंगलेला चेहरा पाहिला की त्या पुढचा फोटो कापायला घ्यायच्या.

काही आठवड्यांनी राखणदार ओळखपत्राच्या फोटोसाठी आला आणि काचेपाशीच खिळला. एवढे पक्षी एकदम कधी उठले, असं त्याने विचारलं. काकांनी तो रविवार सांगितला आणि ससाणा काढला. राखणदाराने टोपी काढून डोकं खाजवलं. त्या दिवशी फुटकी अंडी पाहून त्याला वाटलं होतं की कुत्रं शिरलं. किनाऱ्याजवळ एकट्या राहणाऱ्या एक बाई आपलं कुत्रं रोज तिकडे फिरवायच्या. त्यांना त्याने चारचौघांत झापलं होतं आणि किनाऱ्यावर यायची बंदी केली होती.

"म्हणजे उगाच बोललो मी त्यांना," तो म्हणाला. "ससाण्यापुढे कोणाचं काय चालणार?"

काकूंनी कात्री खाली ठेवली. "ससाणा नव्हता. टाळी मी वाजवली."

काका रागावतील असं त्यांना वाटलं होतं. ते रिकाम्या स्टुलाकडे बघत म्हणाले, "मला ऐकू आली होती. तीस वर्षं ऐकतोय, ओळखणार नाही का? सकाळपासून माझेच हात शिवशिवत होते. तू वाजवलीस तेव्हा मला बरं वाटलं."

राखणदार स्टुलावर बसला, फोटो काढून घेतला आणि निघताना एवढंच म्हणाला, की बंदी उठल्याचं तो बाईंना कळवील. बाकीचं तुम्ही सांगा.

दुकान अर्ध्या दिवसातच बंद करून दोघं बाईंकडे गेली. वाटेत काकांनी एकदा म्हटलं, मीच बोलतो. काकू म्हणाल्या, नको. बाईंनी दार उघडलं तसं त्यांच्या पायांमधून एक तपकिरी कुत्रं बाहेर आलं आणि शेपटी हलवत काकूंचा हात हुंगू लागलं. काकूंनी काही न लपवता सगळं सांगितलं. खळग्यावर पुन्हा बसलेल्या त्या पक्षिणीचंही सांगितलं.

बाई चौकटीला टेकून ऐकत होत्या. "मी तर म्हणत होते, माझ्या कुत्र्याचं काम नव्हे ते," त्या सावकाश म्हणाल्या. "पण राखणदार इतकं ठासून बोलले, की मलाच शंका आली. घरी आणून मारलं मी त्याला. पट्ट्याने. आजवर कधी मारलं नव्हतं."

काकांनी माफी मागितली. बाईंनी मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. त्यांनी कुत्र्याला हाक मारली. ते लगेच वळलं, पण उंबरठ्यापाशी येऊन थबकलं, अंग चोरून बाईंच्या हाताकडे बघत राहिलं. बाई खाली बसल्या, दोन्ही तळवे उघडे करून वाट पाहत.

काकूंनी काकांचा दंड धरला आणि दोघं आवाज न करता पायऱ्या उतरली.