बिऱ्हाड पुढं

साताऱ्याच्या एस. टी. स्टँडवर दोन सायकली आणि एक भलंमोठं बोचकं घेऊन बसलेली बाई काल दुपारपासून जागची हलली नव्हती. येणारा-जाणारा विचारी, "बाई, कुठल्या गावाला?" आणि ती सरळ सांगे, "जगाच्या फेरीला." ऐकणारा हसत पुढं जाई. हसोत बापडे! बनाबाईच्या जिवाला त्याहून मोठा घोर होता. तिचा नवरा सिद्धू काल संध्याकाळी सांगलीहून यायचा, तो आज दुपार कलली तरी आला नव्हता. उद्या सकाळी मुंबईच्या बंदरातून इराकातल्या बसऱ्याला जाणारं जहाज सुटणार होतं. त्यासाठी आज तीनची मुंबई गाडी गाठायलाच हवी होती. ती चुकली, की सगळंच हुकलं.

दोघंही जतकडचे धनगर. मेंढरांमागं चालत वाढलेले. बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं गेली आणि पाय सांगलीत येऊन अडकले. सिद्धू कुपवाडच्या एका कारखान्यात लेथवर उभा राहिला, बनाबाई वखारीत हळद निवडायला बसली. पोटाला मिळत होतं, नाही कशाला म्हणा! पण एका जागी बसून बसून तिचा जीव आंबून गेला होता. मग लेक लग्न होऊन सासरी गेली, आणि त्याच उन्हाळ्यात एक गोरं जोडपं सायकलवरून येऊन त्यांच्या दारात पाणी मागायला थांबलं. कुठल्या कुठून पायडल मारत आले होते दोघं. बनाबाईनं त्यांना भाकरी वाढली. ते गेल्यावर सिद्धू म्हणाला, "बना, ह्येनला जमतंय, मग आपल्यालाच काय धाड भरलीया?" पहिला शब्द त्याचा होता बरं का, हे विसरू नका.

पासपोर्टापासून जहाजाच्या तिकिटापर्यंत सगळं त्यांनी गुपचूप जमवलं. आणीबाणी उठली त्या साली, दिवाळी सरल्यावर निघायचं ठरलं. धनगराचा तळही तेव्हाच हलतो. बाई घोड्यावर बिऱ्हाड लादून पुढं जाते, ठरल्या जागी चूल मांडते. माणूस मेंढरं घेऊन मागनं येतो. तो येईपर्यंत तिनं जागा सोडायची नाही, मग पाऊस पडो की लांडगा येवो. ती हलली तर मागचा रानोमाळ कुणाला शोधणार?

"तू बिऱ्हाड घेऊन साताऱ्याला फुडं हो, मुंबई गाडी तिथनं धरू," सिद्धूनं सांगितलं होतं, "मी कामावरनं नाव काढून सांजच्या गाडीनं येतो." घोड्याच्या ऐवजी दोन सायकली टपावर चढल्या, एवढाच काय तो फरक.

शेजारी शेंगा विकणारी साळूबाई पाटणकडची. नवरा पलटणीत, त्यामुळं वाट बघण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तीसुद्धा आता कंटाळली.

"अगं, माघारी जाऊन बघ की. सांगली काय लंकेत हाय व्हय?"

"आन् मी तिकडं गेले, त्ये हिकडं आले म्हंजे?"

"आन् न्हाईच आले म्हंजे?"

बनाबाईनं बोचक्याची गाठ पुन्हा आवळली. नको नको ते मनात येत होतं. मशीनच्या पट्ट्यात सदऱ्याची बाही गेली असंल का? पाच बोटं असतील ना जागेवर? सांगलीची प्रत्येक गाडी आली की ती उठून उभी राही, शेवटचा माणूस उतरला की मटकन खाली बसे. साळूबाईनं दिलेली भाकरी तशीच फडक्यात वाळून गेली होती.

अडीचच्या सुमाराला सांगली गाडीतून सिद्धू उतरला. बनाबाईनं आधी त्याचे हात पाहिले. दोन्ही धड होते. तिचा जीव भांड्यात पडला, आणि मग ध्यानात आलं, की त्या हातांत साधी पिशवीसुद्धा नाही. अंगात इस्त्रीचा सदरा होता.

"तू अजून हितंच?" तो म्हणाला.

"मग कुठं असनार?"

"मला वाटलं, मी न्हाई आलो तर तूच येशील माघारी. काल लय वाट बघितली तुजी."

बनाबाई बघतच राहिली. धनगराच्या पोटी जन्मलेला माणूस हे बोलत होता! टेकलेलं बिऱ्हाड वाट बघतं, माघारी येत नाही, हे तिनं त्याला शिकवायचं?

"मालकानं फोरमन केलं गं मला," तो खाली बघत म्हणाला. "नाव काढायला गेलो, तर सगळ्यांम्होरं खांद्यावर हात ठिवला त्यांनी. जीभच उचलंना माजी. फुडल्या साली जाऊ की आपन. आन् सायकल पायजे व्हती, उद्या कामावर जायाला."

"हितं मी तुमची बोटं मोजत बसले, आन् तुमी तिकडं पेढं वाटत हुता?" ती कडाडली. स्टँडवरच्या माना वळल्या. मग तिनं आवाज खाली आणला. "खरं सांगा. फोरमनकीचं न्हाई ह्ये. कच खाल्ली तुमी."

सिद्धू सायकलच्या सीटवरची धूळ पुसू लागला.

"व्हय. भ्या वाटतंय. हितं मला चार मानसं नावानं हाक मारत्यात. तिकडं तहान लागली म्हनून सांगायचं कुनाला, आन् कुठल्या बोलीत? तुला न्हाई वाटत?"

"लय वाटतंय. पर त्या हळदीच्या ढिगाम्होरं बसून म्हातारी व्हायचं भ्या त्याहून मोठं हाय."

मुंबई गाडी फलाटाला लागली. बनाबाई उठली, पदर खोचला.

"कुठं?" सिद्धू दचकला.

"मानूस येईस्तवर हलायचं न्हवतं. मानूस आला. आता बिऱ्हाड फुडं जानार."

हमालानं एक सायकल टपावर चढवली आणि दुसरीला हात घातला. "ती ऱ्हाऊ द्या, त्यांची हाय," ती म्हणाली. बोचक्यातून तिनं सिद्धूचा पासपोर्ट काढला, त्यात घातलेल्या जहाजाच्या तिकिटासकट त्याच्या हातात ठेवला आणि गाडीत चढली. बाहेरून साळूबाई ओरडत होती, "अगं ए, एकटी कुठं जातीस समिंदरात?"

एकटी कुठं जाणार, ते तिलाही ठाऊक नव्हतं. कधी पुण्यापर्यंतसुद्धा ती एकटी गेली नव्हती. पण आता उतरलं, तर उभ्या जन्मात पुन्हा चढणं व्हायचं नाही, एवढं कळत होतं. तिनं खिडकीकडं पाठ केली. घंटी वाजली. गाडी हिसका देऊन सुटली, स्टँडला वळसा घालून फाटकापाशी आली, आणि कचकन ब्रेक लागला. माणसं एकमेकांवर आदळली.

"मरायला माजीच गाडी घावली व्हय रं?" ड्रायव्हर बोंबलला.

गाडीपुढं सायकल आडवी घालून सिद्धू उभा होता. इस्त्रीचा सदरा घामानं भिजला होता, पासपोर्ट दातात धरला होता. तो काढून तो म्हणाला, "सायकल टपावर टाकायची हाय."

सायकल वर गेली. कंडक्टर तणतणत बनाबाईपाशी आला. "तुमचंच माणूस ना हे? किती तिकिटं देऊ, दोन?"

"माजं एक," बनाबाई म्हणाली. "त्यांचं त्यांना काढू द्या."

सिद्धूनं तिकीट काढलं आणि तो तिच्या शेजारी बसला. दातात धरून ओला झालेला पासपोर्ट तो सदऱ्याला पुसत राहिला. बनाबाईनं फडक्यातली वाळलेली भाकरी मोडली आणि अर्धी त्याच्या हातावर ठेवली.